आधी अर्थ लाव

प्रेमराजला त्या दिवशी सकाळपासून धड चालताच येत नव्हतं. पायाला काही झालं नव्हतं, पाय जमिनीला लागत नव्हते एवढंच. शिंदखेडा फाट्यावरच्या पेट्रोल पंपावर तो सुपरवायझर, वय एकतीस, आणि अकरा वाजता जळगावहून मुलगी त्याला बघायला येणार होती. नीट ऐका, मुलगी येणार होती मुलाला बघायला! आमच्याकडे आता असंच झालंय. एकेकाळी मुलाकडचे लोक पोहे खाऊन, मिशा पुसून, "कळवतो" म्हणून निघून जायचे. आता मुलीकडचे येतात, घर बघतात, संडास बघतात, मुलाला दोन वाक्यं बोलायला लावतात आणि तेच "कळवतो" म्हणून जातात. पोरांची बरी जिरली, असं गावातल्या बाया तोंडावर म्हणतात.

पण प्रेमराजचं प्रकरण बघण्याच्या फार पुढे गेलं होतं. स्थळ आल्यापासून दोन महिने तो आणि भूमिका फोनवर बोलत होते आणि गडी पार कामातून गेला होता. भूमिका जळगावच्या एका पाइपांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला. पहिल्या फोनला दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. चार वेळा "बाकी काय?" झालं. शेवटी हा बापडा म्हणाला, "थंडी फार आहे हो. आज दाराच्या कडीला हात लावला तर कडी चावली."

ती खुदकन हसली. "आमच्याकडे पाइप चावतो. प्लास्टिकचा दाणा हवेच्या जोरावर पाइपातून पळतो ना, घासत घासत जातो. मग कुणी हात लावला की चट्!"

"अहो, आमच्या पेट्रोलचंही तेच!" प्रेमराज खाटेवरून उठूनच उभा राहिला. "पेट्रोल पाइपातून धावायला लागलं की घासून घासून त्याच्यात वीज साठते. पाइप लोखंडाचा असला तरी! पाइपाची वीज उतरते, पण पेट्रोल आपली सोडत नाही लवकर, पोटात धरून बसतं. आणि वर त्याची वाफ. एक ठिणगी पडली तर टँकर, पंप, आम्ही, सगळं रामनाम सत्य."

"स्थिर वीज म्हणतात तिला," भूमिका म्हणाली. "नाव स्थिर आणि गुण बघा."

झालं! कुणाचं प्रेम चंद्रावरून सुरू होतं, यांचं टँकरवरून झालं. त्या दिवशी दीड तास बोलले. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "टँकर उतरवताना भीती वाटत नाही?" तो म्हणाला, "वाटते ना. म्हणून तर मी बरा सुपरवायझर आहे." हे उत्तर तिने मैत्रिणींना सांगितलं, बापाला सांगितलं, कदाचित कारखान्याच्या वॉचमनलाही सांगितलं असेल.

आता अडचण एकच होती आणि तिचं नाव कुंदाबाई. भूमिकाची आत्या. भूमिका तीन वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून आत्याने वाढवलं. वडील लीलाधर सर, मराठीचे निवृत्त शिक्षक, भला माणूस, पण घरात त्यांचा शब्द फक्त शुद्धलेखनापुरता चालायचा. आत्याने आजवर चार मुलं नाकारली होती आणि कारण एकाचंही दिलं नव्हतं. भूमिकाने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "आत्या नाही म्हणाली तर मी तिच्याशी भांडेन, पण तिला दुखवून लग्न नाही करणार. तिने माझ्यासाठी फार केलंय. तेवढं तिला जिंका." प्रेमराज रात्रभर आरशासमोर "नमस्कार आत्या" म्हणायचा सराव करत होता. तीन प्रकारे.

दहा वाजता सुटी घेऊन घरी जायचं ठरलं होतं. निळा नवा शर्ट, टेरिलीनचा, कडक इस्त्रीचा. बाहेर पडणार तेवढ्यात, काल संध्याकाळी यायचा तो टँकर फाट्यावर वळला!

पंपमालक झुलालशेठ शिरपूरला लग्नाला गेलेले. टँकर उतरवायचं शिक्षण घेतलेला दुसरा माणूस तापाने पडलेला. आणि नियम असा, की ज्याने टँकर ताब्यात घेतला त्याने पाइप सुटेपर्यंत तिथून हलायचं नाही. प्रेमराजने घड्याळ बघितलं, आभाळाकडे बघितलं, टँकरच्या ड्रायव्हरला, रुपचंदला, मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. मग नवा शर्ट काढला, कारण टेरिलीन अंगाला घासून वीज पकडतं, आणि खुंटीवरचा विटका, डागाळलेला सुती गणवेश चढवला. मोबाइल बंद करून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, तोही नियमच. अर्ध्या-पाऊण तासात उतरवू आणि मोटारसायकल पिटाळू, असा त्याने हिशेब केला.

तिकडे घरी काय झालं ते त्याला कसं कळणार? पाहुणे तासभर आधीच येऊन टपकले. त्याची आई भिकुबाई हिने अकरा वेळा फोन लावला. बंद. पाहुणे घड्याळ बघायला लागले, आत्याची एक भुवई वर गेली. भिकुबाई हार मानणारी बाई नव्हे. तिने पोह्यांचं पातेलं फडक्यात बांधलं, चार ताटल्या घेतल्या आणि पदर खोचला. "पोऱ्या ई नही ऱ्हायना, मंग आपन जाऊत!" असं म्हणून ती सरळ पाहुण्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. गाडी भूमिकाच चालवत होती. पंपावर वाटेत लाल शंकू लावलेले होते, तर भिकुबाईने उतरून तेही बाजूला केले. "चाल वं माय, चाल. आपलाच पंप शे."

आता इथे थोडं थांबून पंपावरची बोली सांगतो, नाहीतर पुढचा घोटाळा समजायचा नाही. जमिनीत गाडलेली एक जाड तांब्याची वायर असते, तिच्या टोकाला चिमटा. तो चिमटा टँकरला लावला की टँकरमध्ये साठलेली वीज निमूट मातीत उतरते. हा चिमटा लावण्याला आमच्या पट्ट्यातले सगळे ड्रायव्हर-क्लीनर, इंग्रजी 'अर्थिंग'वरून, 'अर्थ लावणे' म्हणतात. आणि टँकरचं खालचं झाकण काढण्याला म्हणतात 'तोंड उघडणे'. क्रम ठरलेला. आधी अर्थ, मग दहा मिनिटं गप्प थांबायचं, प्रवासात डुचमळलेलं पेट्रोल शांत होऊ द्यायचं, मग तोंड.

रुपचंद माणूस चांगला, पण घाईचा. रात्रभर गाडी हाकून आलेला, त्याला कधी एकदा रिकामा होऊन झोपतो असं झालेलं. चिमटा अजून मातीत लोळतोय आणि याचा हात झाकणावर! प्रेमराजचं सगळं लक्ष त्या हातावर. पाठीमागे गाडी येऊन थांबली, दारं उघडली, माणसं उतरली, याला गंधवार्ता नाही. कुंदाबाई चार पावलं पुढे आली, त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि विचारायला म्हणून तिने तोंड उघडलं, "काय रे बाळा, तो प्रेमराज म्हणतात तो..."

आणि बरोबर त्याच क्षणी प्रेमराज गरजला, "आधी अर्थ लाव! अर्थ लावल्याशिवाय तोंड उघडू नको! किती वेळा सांगायचं?"

अरे देवा!

कुंदाबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. उभ्या आयुष्यात तिला असं कुणी बोललं नव्हतं. मागून लीलाधर सर मात्र टाळी वाजवत पुढे आले. "वा! वा! काय वाक्य आहे! छत्तीस वर्षं मी वर्गात घसा फोडून हेच सांगत होतो. अक्का, ऐकलंस? अर्थ लावल्याशिवाय तोंड उघडू नको!"

"लीलाधर," आत्या म्हणाली, "तो मला म्हणाला."

प्रेमराज वळला. आधी आत्या दिसली, मग सर, मग पातेलं सांभाळत आलेली त्याची आई, आणि या सगळ्यांच्या मागे गाडीच्या दाराला टेकून, ओठ दाताखाली धरून हसू आवरणारी भूमिका. फोटोतल्यापेक्षा सावळी आणि फोटोतल्यापेक्षा शंभर पटींनी चांगली. प्रेमराजच्या डोक्यात पंप, टँकर, फाटा, सगळं गरगर फिरायला लागलं. तीन प्रकारचे नमस्कार पाठ केले होते, एकही आठवेना. आणि तिच्याकडे बघून त्याच्या तोंडून समोरासमोरचं पहिलं वाक्य जे निघालं ते असं, "गाडी चालू करू नका. ढकलून बाहेर न्या."

"काय?" आत्या म्हणाली.

"टँकर लागलाय आत्या. इथे इंजिन सुरू करायचं नाही. पंपाच्या हद्दीच्या साखळीपलीकडे, त्या निंबाखाली न्यायची. ढकलून."

"मुलगा बघायला बोलावून गाडी ढकलायला लावतोस?" आत्याने असं म्हटलं आणि रागारागाने गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. आता काय करता! भूमिकाने बाहेरून स्टिअरिंग धरलं, सरांनी आणि भिकुबाईने मागून जोर लावला आणि आत्यासकट गाडी निंबाखाली गेली. आत्या अंगाने चांगली भरलेली, तेव्हा सर धापा टाकत होते, पण वाक्य सोडत नव्हते. "अर्थ लावल्याशिवाय..." हुश्श. "तोंड उघडू नको..." भिकुबाईने कपाळाला हात लावला. "मना पोऱ्याना घात व्हयना वं माय!"

चिमटा लागला. दहा मिनिटांची शांती सुरू झाली. कसली शांती! साखळी ते टँकर वीसेक पावलांचं अंतर, दोन्ही बाजूंनी ओरडून बोलणं चाललेलं.

"आत्या, ते तुम्हाला नव्हतं! रुपचंदला होतं!" प्रेमराज कळवळून सांगत होता. "अर्थ म्हणजे ही वायर!"

"पन्नास वर्षं मराठी बोलतेय मी. अर्थ म्हणजे वायर कधीपासून? लीलाधर, शब्दकोशात आहे का?"

सर खोटं बोलणारे नव्हते. "नाही अक्का. पण असायला हवा."

रुपचंदने पाइप जोडला. प्रेमराजने जोड हाताने हलवून बघितला, चिमटा पुन्हा बघितला आणि व्हॉल्व्ह थोडासाच उघडला. पेट्रोल सुरुवातीला हळूच सोडायचं असतं, पाइप भरेपर्यंत. जाड पाइप थरथरला, खाली जमिनीतल्या टाकीत घळघळ सुरू झाली. आता हलायचं नाही.

आणि नेमकी तेव्हाच आत्याने निंबाखालून पहिली हाक मारली. "बरं, झालं ते झालं. चुकून बोललास म्हणतोस, मग इकडे ये, पाया पड, विषय संपला."

काय मोठी गोष्ट होती सांगा? वीस पावलं जायचं, वाकायचं, वीस पावलं परत यायचं. प्रेमराजचे पाय त्या दिशेला वळलेसुद्धा. मग त्याने पाइपाकडे बघितलं आणि जिथे होता तिथेच, निंबाकडे तोंड करून, गुडघ्यांवर बसून जमिनीला डोकं टेकवलं. "इथूनच पडतो आत्या! पेट्रोल वाहतंय!" रुपचंदला वाटलं टँकरची पूजा चाललीय. त्यानेही घाईघाईने हात जोडले.

निंबाखाली भूमिका पाठ फिरवून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

थोड्या वेळाने भिकुबाईने पातेलं उघडलं. पोह्यांचा वास साखळी ओलांडून आला. ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या होत्या, एक रिकामी होती, भूमिकाच्या समोरची. आत्याने दुसरी हाक मारली, जरा नरम आवाजात. "ये रे. मुलामुलीने समोरासमोर बसून दोन शब्द बोलायचे असतात. एवढ्या लांबून आलोय आम्ही. खा दोन घास आणि जा परत."

"जा ना भाऊ," रुपचंद म्हणाला. "पाच मिनिटांत काय आभाळ कोसळतंय? मी उभा शे ना इथं."

खरं सांगायचं तर प्रेमराजला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्याला रडू यायला लागलं. दोन महिने जिचा आवाज ऐकून झोपला ती समोर खुर्चीवर बसलेली, ताटली हातात, त्याच्याकडे बघत. पण रुपचंदचा झाकणावरचा हात त्याने थोड्या वेळापूर्वीच बघितला होता. "नाही रे बाबा," तो म्हणाला. "तू टँकरवाला, मी पंपवाला. दोघांनीही थांबायचं." मग निंबाकडे बघून ओरडला, "आत्या, पाइप सुटला की पळत येतो!"

भूमिका ताटली घेऊन साखळीपाशी आली. "वेग किती सोडलाय?" तिने ओरडून विचारलं.

"आधी हळू सोडला! पाइप भरल्यावर वाढवला!"

"चिमटा?"

"लावलाय! दोनदा बघितला!"

"टाकीत पाइप तळापर्यंत जातो का? वरून धार पडत नाही ना?"

"तळापर्यंत जातो! अजिबात शिंतोडे उडत नाहीत!"

हे ऐकून ती लाजली. अक्षरशः लाजली हो! रस्त्याने जाणारा एक दुधवाला मोटारसायकल थांबवून बघत राहिला. आत्याने सरांना विचारलं, "हे काय बोलतायत रे?" सर म्हणाले, "प्रेमाचं असावं."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण दोन हाका वाया गेल्यावर आत्याच्या मनात काहीतरी बिनसलं. ती खुर्चीवरून उठली, खांद्यावरची लोकरीची शाल घट्ट ओढली आणि साखळीला हात लावून उभी राहिली. आवाज चढवला नाही. "पोरा, तिसऱ्यांदा बोलावतेय. चौथ्यांदा बोलावायची नाही. आत्ता इथे येऊन माझ्याशी बोल, नाहीतर आम्ही निघालो जळगावला. पुन्हा या घराचं नाव निघणार नाही."

प्रेमराजने भूमिकाकडे बघितलं. तिचं हसू गेलं होतं. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही, नुसती बघत राहिली. भिकुबाई मात्र हात जोडत साखळीपाशी धावली. "प्रेम्या, ये रे भाऊ! मी तुना पाय पडस! एवढी चांगली पोर शे!"

आईने असं म्हटल्यावर कुणाचं काळीज हलणार नाही? प्रेमराजच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायलाही त्याने हात व्हॉल्व्हपासून दूर नेला नाही. "माय, नही!" तो म्हणाला. "आत्या, मला भूमिका पाहिजे हो. खूप पाहिजे. पण पेट्रोल वाहतंय, मी येऊ शकत नाही!"

आत्या वळली. तरातरा गाडीकडे गेली. उन्हं चढली होती, रागाने अंग तापलं होतं, तिने शाल खसकन ओढून काढली. नायलॉनची साडी, त्यावर लोकर, जानेवारीची कोरडी हवा. शालीतून तडतड आवाज आला. आणि तिने गाडीच्या दाराला हात लावला.

चट्!

"अगं आई गं!" आत्या दोन पावलं मागे उडाली. बोट धरून उभी राहिली. "ठिणगी पडली! मी डोळ्यांनी बघितली, निळी ठिणगी!"

भूमिका तिच्याजवळ गेली. "आत्या, तू नुसती शाल काढलीस. तिथे हजारो लिटर पेट्रोल धावतंय. ही ठिणगी तिथे पडू नये म्हणून तो उभा आहे."

प्रेमराजला यातलं काही ऐकू आलं नाही. त्याला लांबून एवढंच दिसलं, की आत्या आपल्या बोटाकडे बघत राहिली, मग टँकरकडे, मग त्याच्याकडे. खूप वेळ. मग ती परत आली, खुर्चीवर बसली आणि हाक मारली, "अजून किती वेळ आहे?"

"वीस मिनिटं!" त्याचा आवाज फाटला.

"बसते मी."

वीस मिनिटं! प्रेमराजच्या जन्मात एवढी लांब वीस मिनिटं आली नव्हती. जीव टांगणीला लागलेला. निंबाखाली आत्या काहीतरी सांगत होती, भिकुबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, सर चष्मा पुसत होते. ठरलं असेल? मोडलं असेल? "भाऊ, ती बाई रडतेय का हसतेय?" रुपचंदने विचारलं. "मला काय विचारतोस, मी पाइपाकडे बघतोय," प्रेमराज म्हणाला, आणि बघत होता निंबाकडे. टँकर निथळला. व्हॉल्व्ह बंद. पाइप सोडला, पाइपातलं उरलेलं टाकीत उतरवलं, झाकणं लावली. आणि अगदी शेवटी चिमटा काढला. क्रम एकाही पायरीने चुकला नाही. त्यानंतर गडी असा धावला, की साखळी ओलांडताना अडकून आत्याच्या पायाशीच पडला. पाया पडणंही त्यातच उरकलं.

"ऊठ," आत्या म्हणाली. "एक विचारते, खरं सांग. मी निघून गेले असते तर?"

प्रेमराजने विचार केला. गोड काहीतरी बोलावं असं वाटलं, पण जमलं नाही. "तर गेला असतात आत्या. मी संध्याकाळपर्यंत रडलो असतो. उद्या जळगावला आलो असतो, तुमच्या दारात बसलो असतो. पण पाइप लागलेला होता."

भूमिकाने पुढे केलेलं पाणी आत्या प्याली आणि सांगायला लागली, अगदी साध्या आवाजात.

"आमचे हे कापसाच्या जिनिंगला होते. मशीनजवळ एक माणूस कायम उभा ठेवायचे, कुठे ठिणगी दिसली तर मशीन बंद करायला. त्या दिवशी त्याला कुणीतरी चहाला हाक मारली. पाच मिनिटांसाठी. कापसाने पेट घेतला. हे आत होते. जीव वाचला, दोन्ही हात गेले कामातून. पेला धरता येत नाही. एकोणीस वर्षं मी भरवते." तिने पदर सारखा केला. "हाक मारणाऱ्यावर मी कधी रागावले नाही. जो उठून गेला ना, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. आणि आज मी स्वतःच तुला हाका मारत होते."

रस्त्यावरून एक एसटी गेली.

आत्याने पिशवीतून मोबाइल काढला आणि टँकरकडे बघून प्रेमराजला विचारलं, "आता चालेल ना?" तो म्हणाला, "निंबाखाली चालेल." तिने नंबर लावला. फोन ती कानाला लावत नसे, स्पीकर लावून तोंडासमोर धरून बोलायची, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं.

"अहो, ऐका. मुलगा बघितला."

"कसा आहे?" पलीकडून एक थकलेला, पण गोड आवाज आला.

"कपडे कळकट. मला घालून पाडून बोलला. गाडी ढकलायला लावली."

"अरे बापरे. मग?"

"पेट्रोल उतरत होतं. मी तीनदा बोलावलं त्याला. तिसऱ्यांदा तर लग्न मोडते म्हणाले." आत्याचा आवाज जरा हलला. "आला नाही हो."

पलीकडे टीव्हीवर कुठली तरी मालिका चालू होती, तिचा आवाज कुणीतरी बंद केला.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

भूमिकाने प्रेमराजच्या बाहीचं टोक धरलं होतं, ते दोघांपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

"कुंदा," आवाज आला, "काही खाल्लंय का त्याने?"

"कुठलं! सकाळपासून तिथेच उभा होता."

"मग माझ्या वतीने एक घास दे त्याला. मला स्वतःला देता आला नसता, नाहीतर आलो असतो."

आत्याने फोन मांडीवर ठेवला आणि पातेलं जवळ ओढलं. प्रेमराज गडबडून म्हणाला, "आत्या, मी हात धुतो, पेट्रोलचा वास..." ती म्हणाली, "तुझ्या हाताचं काही काम नाही." तिने पोह्यांचा घास केला, एकोणीस वर्षांच्या सवयीने, नेमका तोंडात मावेल एवढा, एकही पोहा सांडू न देता, आणि त्याला भरवला. पोहे पार गार झाले होते. प्रेमराज रडत रडत ते चावत राहिला आणि भिकुबाई ओरडली, "अरे, गिळ ना लवकर, दुसरा घास भूमिकाना हातना शे!"